पंखा फिरताना दिसला पाहिजे

पहाटे पावणेपाचला कोथरूडहून निघालो तेव्हा स्कूटरवर मागे बसलेला भाचा अर्धा झोपेत होता. "मावशी, हेलिकॉप्टरं आपल्या गच्चीवरूनही जातात की," हे तो वारजे पुलापर्यंत दोनदा म्हणाला. जातात, पण नुसतं पोट दाखवत जातात. मला त्यांचे फोटो बाजूने हवे होते, आणि तेही कोवळ्या उन्हात.

म्हणून खडकवासला. मे आणि नोव्हेंबर संपता संपता तिथल्या एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, दीक्षांत संचलन असतं. छात्र मैदानातून बाहेर पडताना जी शेवटची पावलं टाकतात त्याला 'अंतिम पग' म्हणतात, आणि वरून चेतक हेलिकॉप्टरं सलामी देत जातात. आत निमंत्रितांनाच प्रवेश. पण धरणाच्या अलीकडच्या चौपाटीवरून तळ्यापलीकडचं आभाळ मोकळं दिसतं, आणि नोव्हेंबरात सकाळचं ऊन बरोबर आपल्या पाठीवर येतं.

पुण्यात हा छंद जरा जपूनच करावा लागतो. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. विमानात बसल्यावरही उतरता-चढताना खिडकीतून फोटो काढू नका म्हणून सांगतात. त्यामुळे त्या बाजूला लेन्स घेऊन फिरायचंच नाही. एनडीएचंही तेच. माझा नियम साधा आहे: सार्वजनिक जागेवर उभं राहायचं, लेन्स आभाळाकडे, जमिनीवरचं काही टिपायचं नाही, आणि कुणी थांबा म्हटलं की वाद न घालता कॅमेरा पिशवीत.

वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी. एरवी जीव नकोसा करणारा सिंहगड रस्ता पहाटे वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. गडाकडे निघालेली चालणारी मंडळी, दुधाच्या गाड्या, दिवे लावून उघडत असलेली एक टपरी. तळ्यावर धुकं इतकं होतं की समोरचा काठच नाही. खडकवासला म्हटलं की माझ्या आईला अजूनही 12 जुलै 1961 आठवतो. पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ हेही. ती तेव्हा सहा वर्षांची, नारायण पेठेत, आणि पाणी चढताना वाड्याच्या माळ्यावर गेल्याचं अजून सांगते. मी तिथे फोटो काढायला जाते हे तिला फारसं रुचत नाही.

तिचाच विषय निघालाय तर मे महिन्यातली फजिती सांगून टाकते. तेव्हाही मी इथेच आले होते. उडतं यंत्र म्हणजे शटर जितकं वेगवान तितका फोटो धारदार, असं डोक्यात पक्कं. पक्ष्यांची सवय ना! 1/2000वर लावलं, म्हणजे शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागापुरतंच उघडणार, आणि तीनेकशे फोटो घेऊन घरी आले. रिव्हेट मोजता येतील इतके स्वच्छ. आईला टॅबवर दाखवले. तिने चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "अगं, याचा पंखा बंद पडलाय. मग हे पडलं कसं नाही?"

तीनशेच्या तीनशे फोटोंत पाती अशी गोठलेली, की दोऱ्याला टांगलेलं खेळणं वाटावं.

त्या रात्री कागदावर हिशोब मांडला. चेतकचा मुख्य पंखा मिनिटाला साधारण 350 फेरे घेतो आणि उडताना हा वेग जवळजवळ बदलत नाही. वर-खाली होणं पात्यांचा कोन बदलून साधतात. म्हणजे सेकंदाला सुमारे 2100 अंश. 1/2000ला पातं जेमतेम एक अंश सरकणार, मग ते थांबल्यासारखंच दिसणार. 1/125ला सतरा अंश सरकतं. तेवढ्याने डोळ्याला पटतं की फिरतंय. 1/60ला पस्तीस अंश, म्हणजे देखणी पिसाऱ्यासारखी झाक. तीन पाती असल्यामुळे पूर्ण चकती हवी तर 1/18च्या आसपास जावं लागेल. तिथवर जाण्याची माझ्या हातांची लायकी नाही.

खरी गोम इथेच आहे. पंखा धूसर हवा, पण धड, काच, आतला माणूस धारदार हवा, आणि एकाच फोटोत. 300 मिलिमीटरच्या लेन्सवर हातात कॅमेरा धरून 1/125 म्हणजे पॅनिंग आलंच. हेलिकॉप्टर ज्या वेगाने सरकतं त्याच वेगाने कमरेतून वळायचं, आणि शटर दाबल्यावरही थांबायचं नाही. बॉलिंग करताना फॉलो-थ्रू असतो तसं. मे ते नोव्हेंबर मी कर्वे रस्त्यावर उभी राहून पीएमपीच्या बसेसवर हा सराव केला. वाहकांनी माझ्याकडे पाहून दोनदा बेल मारली.

आणखी एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. शटर इतकं हळू केलं की उन्हात प्रकाश फार आत येतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 100 इतकी कमी ठेवूनही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक करावं लागतं: एफ-11, एफ-13, ऊन चढलं की एफ-16 (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळा फोटोच किंचित मऊ पडतो. शिवाय सेन्सरवर बसलेली धूळ आभाळात काळे ठिपके होऊन उमटते. त्यासाठी एनडी फिल्टर मिळतो, लेन्सला लावायचा गॉगलच तो. माझ्याकडे आहे. त्या दिवशी तो घरी कपाटात होता.

साडेसातला धुकं विरलं. आम्ही दोघं कठड्याशी उभे, भाच्याच्या हातात वडापाव. एक हवालदार काठी हलवत आले. "काय काढताय ताई?" म्हटलं, वरची हेलिकॉप्टरं. त्यांनी लेन्सकडे बघितलं, मग तळ्याकडे. "वरचीच काढा," म्हणाले, आणि गेले नाहीत, शेजारीच उभे राहिले.

आवाज आधी आला, टप-टप-टप असा, पाण्यावरून. मग उजवीकडच्या टेकडीच्या मागून तीन ठिपके. समोरून येत असताना मी शटर दाबलं नाही. तेव्हा फोकस धरणं कठीण, आणि पात्यांची नुसती रेघ दिसते. पाऊण वळून बाजू दिसायला लागली आणि सुरू केलं. चेतकचं नाक म्हणजे काचेचा बुडबुडाच. आत पांढरी हेल्मेटं, पंख्यामागे उघडंच बसवलेलं इंजिन, खाली तीन चाकं. 1959मध्ये पहिल्यांदा उडालेल्या फ्रेंच अलुएट-3 हेलिकॉप्टरची ही एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, घडवलेली बहीण. नव्या यंत्रांच्या गुळगुळीत अंगाशेजारी तिची अवस्था हाडं मोजता येणाऱ्या आजोबांसारखी, आणि मला तेच आवडतं.

चाळीस सेकंद. संपलं. हवालदार म्हणाले, "आलं का?"

मागच्या पडद्यावर सगळेच आलेले दिसतात. घरी रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली, उघडून 100 टक्के मोठं करून पाहिल्यावर कळतं. 186 फोटो. त्यात ठेवण्यासारखे नऊ. उरलेल्यांत माझा हात हललेला, किंवा फोकस मागच्या टेकडीवर. असे फोटो शार्पनिंगने, म्हणजे संगणकावर धार लावून, सुधारत नाहीत. मी आधी तासन् तास झगडायचे. हललेल्या फोटोत दोन कडा असतात. धार लावली की दोन्हींना धार येते.

शार्पनिंग नेमकं करतं काय, हे जुन्या डार्करूममधून समजून घेतलं तर सोपं जातं. तेव्हा निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावरच चिकटवून छापायचे. त्यालाच अनशार्प मास्क म्हणायचे. संगणकही मूळ फोटोची धूसर प्रत करतो, दोन्हींतला फरक काढतो आणि तो मूळ फोटोत मिसळतो. कडेला काळं जरा काळं, पांढरं जरा पांढरं होतं. नवा तपशील काही येत नाही.

म्हणून उजळ आभाळापुढे गडद हेलिकॉप्टर हे शार्पनिंगचं सर्वांत अवघड गिऱ्हाईक. रेडियस, म्हणजे कडेपासून किती अंतरापर्यंत धार लावायची ते, जरा वाढवला की अंगाभोवती पांढरी कड उमटते, कात्रीने कापून डकवल्यासारखी. मे महिन्यात मी दीडवर नेला होता. आता 0.8, अमाउंट, म्हणजे धारेचा जोर, साठच्या आसपास. आधी नॉइज थोडा कमी केला, नाहीतर आभाळाचा खरखरीतपणाच धारदार होतो. मग धार कुठे लागू द्यायची ते ठरवणारा मास्किंगचा सरकता दांडा ऑल्ट कळ दाबून ओढला: पडदा काळा होतो आणि जिथे धार लागणार तेवढंच पांढरं राहतं. आभाळ पूर्ण काळं होऊन हेलिकॉप्टरची फक्त रूपरेषा उरेपर्यंत ओढत राहिले.

मग पाती. ब्रशने तीन झाकांवर शार्पनिंग उणे केलं. नाहीतर त्या धूसर पट्ट्यांना फणीसारखे दात येतात आणि सहा महिन्यांच्या खटपटीवर पाणी. शेवटी फोटो लहान केल्यावर हलकीशी धार पुन्हा, कारण लहान करताना थोडी जातेच.

भाच्याने नवातला एक निवडला. त्यात वैमानिकाचं हेल्मेट किंचित खाली झुकलेलं आहे, बहुधा तळ्याकडे. एफ-13चे काळे ठिपके पुसायला बसले. एक, दोन, तीन. चौथ्यावर क्लिक करणार तेवढ्यात भाचा म्हणाला, "थांब मावशी, त्याला पंख आहेत." मोठं केलं. वरच्या कोपऱ्यात, हेलिकॉप्टरपासून बरीच लांब, घार होती. तिचे पंख मात्र जागच्या जागी होते.