४२ की ४३

विट्याजवळच्या एका दूध संकलन केंद्राची फॅट मशीन परवा दुकानात आली. आधीच्या मेकॅनिकनं "बोर्ड गेलाय, नवीन घ्या" म्हणून हात वर केलेले. सेक्रेटरी काउंटरला टेकून उभे. "संध्याकाळच्या दुधाआधी बघा दादा, लोक ऐकत नाहीत." खरंच आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो. मशीन बंद म्हणजे दर अंदाजानं, आणि अंदाज म्हणजे भांडण.

सप्लाय दिला की आतून टिक... टिक... टिक. एसएमपीएस, म्हणजे बोर्डाला वीज देणारा सप्लाय, उठायला बघतो आणि बसतो. मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट डीसी व्यवस्थित, आउटपुटला शॉर्ट नाही. हा सप्लाय चालवणाऱ्या आयसीच्या ७ नंबरच्या पायावर, म्हणजे त्याला स्वतःला वीज मिळते तिथं, काट्याचा मीटर लावला. काटा १६ पर्यंत चढायचा, १० वर आला की खेळ खलास. डिजिटल मीटरवर नुसते आकडे नाचतात, ही लय दिसत नाही. तरी पोरं माझ्या काट्याच्या मीटरला हसतात. त्या पायावरचा छोटा कपॅसिटर बदलला, फरक शून्य. आयसी यूसी३८४२, पायांशी सोल्डरिंगचा ताजा फ्लक्स. म्हणजे कुणीतरी बदललेला. मूळचा कुठला? बोर्डावर फक्त 'यू१' छापलेलं.

मग बसलो शोधायला. सर्किट डायग्राम मागितला तर दुकानदारांची पानं: माल उपलब्ध, कोटेशन मागवा. त्यांच्याकडे कुठलाही नंबर टाका, माल उपलब्धच असतो. खाली एकच मजकूर शब्द फिरवून चार साइटवर. मग एक लांबलचक व्हिडिओ, त्यात निम्मा वेळ सबस्क्राइब करा. छोट्या ट्रान्झिस्टरच्या पाठीवर दोन-तीन अक्षरंच मावतात. १एएम म्हणजे ३९०४ नंबरचा ट्रान्झिस्टर, हे मला पाठ आहे. हाताखालच्या पोरानं ते शोधलं तर कुठल्या देशात रात्रीचा एक कधी वाजतो ते आलं! पूर्वी गुगलवर शब्दाआधी अधिकचं चिन्ह टाकलं की तो शब्द असलेलीच पानं यायची. ती सोय २०११ मध्ये काढली. बंद पडलेल्या साइटची साठवलेली प्रत उघडायची, तीही २०२४ मध्ये गेली. माझ्या निम्म्या जुन्या डेटाशीट, म्हणजे कंपनीनं दिलेली पार्टची माहितीपत्रकं, तिथूनच उतरवलेल्या आहेत.

पोरानं मोबाइल पुढे केला. सगळ्यात वर एआयचा चौकोन: ३८४२ आणि ३८४३ पिन-टू-पिन सारखे, एकाच्या जागी दुसरा चालतो. पहिलं वाक्य अगदी बरोबर, म्हणून दुसरं पचतं. पाय सारखेच आहेत. पण ४२ सुरू व्हायला १६ व्होल्ट लागतात आणि १० च्या खाली तो बंद पडतो. ४३ साडेआठच्या आसपास उठतो आणि ७.६ पर्यंत तग धरतो. सुरू झाल्यावर आयसीला वीज देणारं ट्रान्सफॉर्मरचं छोटं वाइंडिंग नऊ-साडेनऊच देत असेल, तर ४२ जन्मात टिकणार नाही. काटा तेच सांगत होता. डेटाशीटमध्ये हे एका ओळीत आहे, पण पीडीएफ उघडतो कोण?

भंगारातल्या अडॅप्टरमधून ४३ काढून बसवला. टिकटिक थांबली, ७ नंबरवर ९.४ स्थिर. मशीन साडेचारला गेली.

आधीच्या मेकॅनिकला फोन केला. चिडूनच केला होता, पण त्याचं सोल्डरिंग माझ्यापेक्षा साफ आहे हे बोर्डावर दिसत होतं. तो म्हणाला, "वरच लिहिलंय की, चालतो म्हणून. मला वाटलं बोर्डच गेला." मला पुढे बोलवेना. पूर्वी असा प्रश्न टाकला की कुठल्यातरी फोरमवर कुणी तरी 'मी हे करून बघितलं, टिकटिक झाली' असं लिहिलेलं सापडायचं, खाली दुसरा त्याच्याशी वाद घालत असायचा. ती माणसं गेली व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या ग्रुपात. तिथलं शोधात येत नाही.

आणि मी काय केलं? हे सगळं प्रकरण, फोटो आणि व्होल्टेजसकट, आमच्या मेकॅनिक ग्रुपवरच टाकलं. बरेच अंगठे आले. रात्री त्याच ग्रुपवर एकानं विचारलं, "३८४३ च्या जागी ३८४२ चालेल का?"