मडंळ

श्रावण लागला की आमच्या धायरीच्या शेडमध्ये पहिलं काम असतं कागद भाजायचं. बाहेर पाऊस, आत ड्रायरचा पट्टा फिरतोय आणि ज्यांच्यावर टी-शर्टचे स्टिकर छापायचे ते कोरे रिलीज पेपर एकामागून एक त्यावरून जातायत. नवीन मुलगा कामाला आला की हमखास विचारतो, "ताई, अजून काही छापलंच नाही, मग वाळवताय काय?"

पाऊस वाळवतेय, बाबा. कागद हवेतला ओलावा पितो. तसाच घेऊन पहिला रंग छापला आणि आत सोडला, की पाणी उडतं आणि कागद केसभर आकसतो. दुसरा रंग मग पहिल्यावर बसतच नाही. चौथ्या रंगापर्यंत बाप्पाचं बुबुळ कानाच्या दिशेनं निघालेलं असतं. म्हणून आधी कोरा कागद एकदा गरम करून घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा आणि लागेल तसा काढायचा. भाद्रपदातल्या गणपतीची ऑर्डर भर पावसातच करावी लागते, त्याला इलाज नाही.

मी टी-शर्टवरचे स्टिकर बनवते. खरं नाव प्लास्टिसोल ट्रान्सफर, पण तसं म्हटलं तर गिऱ्हाईक घाबरतं. स्क्रीन प्रिंटिंगनंच छापायचं, फक्त कापडाऐवजी कागदावर. मग हीट प्रेसखाली तो कागद टी-शर्टवर दाबायचा. अण्णा लग्नपत्रिका छापायचे. स्क्रीनच्या जाळीला ते शेवटपर्यंत बोल्टिंगच म्हणत. मूळचं ते पीठ चाळायचं रेशमी कापड, हे मला फार उशिरा कळलं.

थेट टी-शर्टवर का छापत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. त्यांनी कधी ढोल-ताशा पथकाची ऑर्डर घेतलेली नसते. अध्यक्षांचा फोन रात्री साडेदहाला येतो, "ताई, एक्सएल वीस वाढवा, एम पंधरा कमी करा." तिरुपूरहून गठ्ठा अजून यायचाय, त्यात काळे येतील की मरून हेही नक्की नाही. स्टिकर मात्र छापून कपाटात तयार. माल आला की दाबत सुटायचं. आणि छपाई बिघडली तर कागद टोपलीत जातो, दीडशे रुपयांचा टी-शर्ट नाही.

डोकं फिरतं ते उलट्या क्रमानं. पत्रिकेवर सोनेरी गणपती सगळ्यात शेवटी छापायचा, कारण तो वर दिसायला हवा. इथे जे वर दिसायचं ते कागदावर सगळ्यात आधी. काळी रेघ आधी, मग भगवा, मग पिवळा, आणि सगळ्यांच्या पाठीशी उभा राहणारा पांढरा शेवटी. अण्णा खुर्चीत बसून बघायचे आणि म्हणायचे, "हे म्हणजे आधी अक्षता, मग अंतरपाट."

अक्षरंही उलटी. पहिल्या वर्षी फिल्म काढून देणाऱ्यानं डिझाइन आधीच उलटं करून दिलं होतं. मी शहाणी, एक्स्पोजिंगच्या वेळी, म्हणजे फिल्मवरचं डिझाइन उजेडानं स्क्रीनवर उतरवताना, फिल्म परत पालथी घातली. दीडशे कागद छापून झाल्यावर मावशी कौतुकानं म्हणाल्या, "किती स्वच्छ वाचता येतंय गं!" माझ्या पोटात गोळाच आला. कागदावर वाचता आलं म्हणजे छातीवर उलटं.

प्लास्टिसोलची शाई नुसत्या हवेत वाळत नाही. पीव्हीसीची भुकटी तेलकट द्रवात कालवलेली असते. आठ दिवस उघडी ठेवली तरी तशीच. तिला उष्णता लागते, आणि आमची सगळी कसरत त्या उष्णतेच्या मापात आहे. कागदावर शाई अर्धीच शिजवायची, ११० अंशांच्या आसपास. बोटाला लागत नाही, पण नखानं उचकटली तर चुरा होतो, इतपत. भातावर जरा जास्त वाफ गेली तर चालतं, इथे नाही. कागदावरच पूर्ण शिजली तर टी-शर्टला नीट धरतच नाही. उरलेलं शिजणं प्रेसखाली, १६० अंशांवर, दहा-बारा सेकंद. त्याआधी नुसता टी-शर्टही चार सेकंद दाबून घ्यायचा, कारण ओलावा त्यातही असतोच.

पॉलिएस्टर आलं की वेगळी डोकेदुखी. एका कबड्डी संघाच्या लाल जर्सीवर मी पांढरे नंबर दाबले. त्या दिवशी दुधासारखे शुभ्र. तिसऱ्या दिवशी गुलाबी. पॉलिएस्टर ज्या रंगानं रंगवतात तो उष्णतेनं वाफ होऊन वरच्या शाईत शिरतो. आता मी पांढऱ्याच्या मागे रंग अडवणाऱ्या करड्या ब्लॉकरचा थर देते आणि कमी तापमानाला वितळणारी गमाची पावडर वापरते. तेव्हा मात्र सगळ्या जर्सी पदरच्या पैशांनी भरून दिल्या.

हल्ली सगळे म्हणतात डीटीएफ घे, म्हणजे डिझाइन प्रिंटरनं थेट फिल्मवर छापायचं मशीन. प्रिंटर, फिल्म, पावडर. ना फ्रेम, ना रंगांची मोजदाद. वीस टी-शर्ट असतील, फोटो छापायचा असेल, तर मीही डीटीएफवाल्याकडेच पाठवते. पण दोन रंग आणि चारशे नग असले की माझा स्टिकर स्वस्त पडतो, आणि घट्ट भगवा जो उतरतो तो अजून तरी मला तिथे दिसलेला नाही. असो, हा वाद चहाच्या टपरीवर रोज होतो.

पावडरचं सांगायचं राहिलं. शेवटचा पांढरा ओला असतानाच त्यावर गमाची पावडर भुरभुरायची, कागद उभा धरून टिचकी मारायची, की ओल्या शाईवर चिकटते तेवढीच राहते. दोन वर्षांपूर्वी ऐन घाईत बारीक पावडर संपली. घरात जाड होती, तीच घेतली. मोठ्या अक्षरांना काही झालं नाही. साठेक टी-शर्ट दाबून झाले आणि घडी घालताना मावशी थांबल्या. "मडळ?"

अनुस्वाराच्या टिंबावर जाड पावडरचे दोन-तीनच दाणे बसले होते. कागद ओढला की टिंब कागदाबरोबर परत यायचं. साठच्या साठ छात्यांवर "गणेशोत्सव मडळ".

दहा टक्के जादा छापलेले कागद होते, पण त्यांच्यावरही जाडच पावडर. शेजारच्या प्रेसवाल्याला उठवून वाटीभर बारीक आणली. टिंबांचीच एक छोटी फ्रेम केली, कागदभर टिंबं छापली, कात्रीनं एकेक कापलं आणि चिमट्यानं "म"वर ठेवून दाबलं. रात्रीचे दोन वाजले. शेवटची दहा-पंधरा मावशींनी झोपेत दाबली असावीत.

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर उभी होते. आख्खी गर्दी बाप्पाकडे बघत होती आणि मी छात्यांकडे. पथक समोरून जायला पंधरा मिनिटं लागली. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा, घामानं निथळलेला, डोळे मिटून ढोल बडवणारा एक पोरगा. त्याच्या छातीवर टिंब "म" सोडून "ड"च्या डोक्यावर बसलं होतं.