पाच, सहा, सात, आठ

"मामा, फोन उभा धर. आणि हलू नकोस!"

दुपारचे चार, दादरच्या आमच्या बिल्डिंगची गच्ची, पाण्याच्या टाकीची जेमतेम सावली. भाचीला १८ सेकंदांचा नाच शूट करायचा होता आणि स्टँडचा एक पाय मोडलेला, म्हणून त्या जागी माझी नेमणूक. हिशेब तिनेच सांगितला. गाणं मिनिटाला १२० बीटचं, म्हणजे सेकंदाला दोन. आठ-आठचे चार काउंट झाले की १६ सेकंद. उरलेली दोन शेवटच्या पोझला.

मी फ्रेम लावली तर ओरडली, "पाय कशाला घेतोस? जवळ ये ना!"

इथे माझं बिनसतं. नाचणाऱ्याचे पाय दिसलेच पाहिजेत, याबाबतीत मी कर्मठ आहे. भगवानदादा इथेच दादरला चाळीत राहायचे. त्यांची ती सावकाश, डुलती स्टेप कमरेवरून कापली तर राहील काय? पण "कोण भगवानदादा?" असं ऐकावं लागेल या भीतीने बोललो नाही. गुपचूप दोन पावलं मागे सरकलो.

चौथीत गॅदरिंगला आमचं कोळीनृत्य होतं. मी मागच्या रांगेत, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. ऐन रंगात कॅसेट अडकली. पण विंगेत उभे असलेले पीटीचे सर थांबले नाहीत. "पाच, सहा, सात, आठ... डावीकडे रे, गाढवा!" गाढव मी. अख्खी होडी डावीकडे, मी उजवीकडे. तसाच, गाण्यावाचून नाच पुरा झाला. त्याचा एकच फोटो घरात आहे, त्यात माझं फक्त वल्हं आलंय. गाणं कुठलं होतं, कोण जाणे.

तेवीस टेक झाले. संध्याकाळी ती एडिटला बसली. गिरकीवरचा कट दोन फ्रेम मागे, मग एक पुढे. सेकंदाला ३० फ्रेम असतात, त्यात दोनाने काय होणार, म्हणून मी हसलो. पण तिने दोन्ही दाखवलं. आधीची गिरकी उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी होती, नंतरची सुटली.

"आणि मामा, हे मागे काय पुटपुटतोयस?"

मूळ आवाजात मी होतो. पाच, सहा, सात, आठ. सगळ्या टेकमध्ये. तिने मला म्यूट केलं आणि वरून गाणं चढवलं.

१८ सेकंदांत पाय दोनदाच दिसतात. मोजलेत मी.