अजिंक्यताऱ्याचे दोन टॉवर

भाचा पुण्यात चित्रकला शिकतो. दिवाळीला येताना त्यानं आपल्या साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाचं चित्र आणलं. घनवादी शैलीतलं, म्हणजे सगळं ठोकळ्या-ठोकळ्यांत मांडलेलं. आईनं चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाली, "डोंगर हाय का फुटक्या कौलांचा ढीग?"

आईला एकटीला काय बोलायचं! ब्राक या फ्रेंच चित्रकारानं १९०८ साली लेस्ताक गावची घरं-झाडं अशीच रंगवली, तेव्हा पॅरिसच्या एका समीक्षकानंही सगळ्याचे ठोकळे केलेत म्हणून नाक मुरडलं होतं. 'क्युबिझम', म्हणजे घनवाद, हे नाव त्या शेऱ्यातूनच पडलं.

मला मात्र चित्र चटकन ओळखू आलं. आपला सह्याद्री मुळातच ठोकळ्यांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक रचलेले; कडा, मग उतार, परत कडा. गोलाईचा कारभारच नाही.

आणि रंग! डाव्या कोपऱ्यात काळा त्रिकोण, त्याला खेटून पिवळा, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. ही रेघ मी दर उन्हाळ्यात बघतो. वणवा जाळरेषेपाशी, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यापाशी, अडला की अलीकडे कोळसा आणि पलीकडे वाळलेलं कुसळी गवत, असा डोंगर दोन महिने तसाच उभा असतो. पहिला वळीव पडला की गंमत होते, हिरवं आधी काळ्यात फुटतं. पोरानं नेमकं त्या काळ्या त्रिकोणाच्या टोकाला नखाएवढं पोपटी लावलंय. वरती आषाढातला ढग, म्हणजे नुसता राखाडी चौकोन, गडच गायब. (ते दिवस रंगवायला सगळ्यात सोपे असणार.)

आई अजून चित्रापुढेच होती. "टीव्हीचा टॉवर दोनदा काढलास की रं. एकच हाय."

"एकच आहे, आजी. एक आपल्या गच्चीवरनं दिसतो तो, आणि दुसरा बोगद्याच्या पलीकडनं, सज्जनगडाच्या रस्त्यावरून."

आईचं माहेर परळी खोऱ्यातलं. लग्न होईपर्यंत तिनं हा गड पलीकडूनच बघितला. ती जवळ सरकली, दुसऱ्या टॉवरखालच्या तांबूस पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मग हितं आमची नाचणी पायजे होती," म्हणाली. "दिवाळीच्या आधी असाच रंग यायचा."

भाच्यानं बॅगेतून रंगाची पेटी काढली.