व्हिएतनामच्या सहलीत हातखर्चाचे पैसे कसे न्यावेत

हनोई, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी अशी नऊ दिवसांची सहल ठरली, तेव्हा विमानाची तिकिटे आणि हॉटेलांचे पैसे पुण्यातूनच भरून झाले होते. उरला होता तो हातखर्च. मी, पत्नी आणि माझे आईवडील अशा चौघांचे जेवण, टॅक्सी, प्रवेशशुल्क आणि किरकोळ खरेदी यांसाठी मी दीड लाख रुपयांचा अंदाज धरला होता. ही रक्कम कोणत्या रूपात न्यावी याचा विचार करण्यात माझे दोन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले असे मला आजही वाटते.

व्हिएतनामची अडचण अशी की मी ज्या ज्या बँकेत चौकशी केली, तिथल्या फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून नेण्याच्या कार्डावर, डोंग हे तिथले चलन भरण्याची सोयच नव्हती. युरोप, जपान किंवा सिंगापूरला जाणारा माणूस त्या देशाचे चलन कार्डावर भरून निश्चिंत होऊ शकतो. व्हिएतनामसाठी मात्र कार्डावर डॉलर भरावे लागतात आणि तिथे खर्च करताना त्यांचे डोंग होतात. म्हणजे आपला पैसा दोनदा रूप बदलतो आणि दोन्ही वेळा थोडा झिजतो. पहिली झीज पुण्यात डॉलर विकत घेताना दरात लपलेली असते, तर दुसरी कार्डावरील चलन आणि खर्चाचे चलन वेगळे असल्याबद्दलच्या शुल्कात. या हिशेबानंतर मी फॉरेक्स कार्डाचा विचार सोडून दिला.

नेहमीच्या क्रेडिट कार्डाचाही हिशेब मांडून पाहिला. माझे कार्ड परदेशातील व्यवहारावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलनबदलाचे जादा शुल्क, लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. पन्नास हजारांच्या खर्चावर २,०६५ रुपये केवळ शुल्कापोटी जाणार. त्यामुळे हे कार्ड फक्त अडीअडचणीसाठी आणि हॉटेलात अनामत रक्कम रोखून धरतात त्यासाठी ठेवायचे ठरवले. मार्कअप न लावणारे एक डेबिट कार्ड मी मुद्दाम सहलीआधी काढले. त्यात पैसे रुपयांतच राहतात आणि यंत्रातून डोंग काढल्यावर जवळपास बाजारभावाने वजा होतात. शेवटी हजार डॉलर रोख आणि उरलेली रक्कम या कार्डाच्या खात्यात, अशी विभागणी केली.

रोख डॉलर घेताना दराकडे अतिशय बारकाईने पाहावे. त्या सुमारास डॉलर ८८ रुपयांच्या आसपास होता, परंतु प्रत्येक ठिकाणचा विक्रीचा दर वेगळा होता, आणि डॉलरमागे दोन रुपये अधिक मोजले तरी हजार डॉलरमागे दोन हजार रुपये जातात. चलनबदलावरचा जीएसटी त्या मानाने नगण्य असतो. एक लाख रुपयांच्या व्यवहारावर तो १८० रुपये होतो. म्हणून कमिशन घेत नाही असे सांगणाऱ्या दुकानदाराला मी एवढेच विचारत असे की सर्व धरून हजार डॉलरला एकूण किती रुपये द्यायचे. पन्नास हजारांहून कमी रकमेलाच रोख रुपये चालतात, त्यापुढे चेकने किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. नोटांच्या स्वरूपात एका प्रवासात माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, आणि १ एप्रिल २०२५ पासून परदेशी चलनासाठी वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर उगमाशी कर (टीसीएस) गोळा केला जात नाही. सर्वसाधारण कुटुंबाच्या सहलीला या मर्यादा पुरेशा आहेत.

नोटा मात्र पारखून घ्याव्यात. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटांना तिकडे लहान नोटांपेक्षा चांगला दर मिळतो, आणि फाटलेली, डागाळलेली किंवा शाई लागलेली नोट नाकारली जाते. माझ्याकडच्या एका नोटेच्या कोपऱ्यावर पेनाची बारीकशी खूण होती. हनोईच्या बँकेतील मुलीने ती नम्रपणे परत केली आणि ती तशीच पुण्याला परत आली. त्या दिवशी एका डॉलरला सुमारे २६,००० डोंग मिळाले.

हनोईच्या जुन्या भागाजवळ हा ट्रुंग नावाची गल्ली आहे. तिथल्या सोन्याच्या दुकानांत बँकेपेक्षा किंचित चढा दर मिळतो असे अनेक प्रवासी सांगतात. मी तिथे गेलो नाही. चलन बदलण्याचा परवाना नसलेल्या दुकानात डॉलर देणे व्हिएतनाममध्ये बेकायदेशीर आहे. २०१८ साली कान थो शहरातील एका माणसाला सोन्याच्या दुकानात शंभर डॉलर बदलल्याबद्दल नऊ कोटी डोंगांचा, म्हणजे सुमारे ३,८०० डॉलरचा दंड ठोठावण्यात आला होता. पुढे तो माफ झाला हे खरे, तरीही वृद्ध आईवडिलांना घेऊन फिरताना थोड्या फायद्यासाठी असा धोका पत्करणे मला योग्य वाटले नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट एटीएमच्या पडद्यावर घडते. हनोईत तीस लाख डोंग काढताना यंत्राने विचारले की ही रक्कम रुपयांत वळती करून घ्यायची का, आणि खाली आकडा दाखवला सुमारे १०,९०० रुपयांचा. आपल्या ओळखीचे चलन दिसल्यावर माणसाला हायसे वाटते आणि बोट आपोआप होकाराकडे वळते. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीचे वळलेही होते. मी नकार दाबला, पैसे तरीही निघाले आणि खात्यातून गेले १०,२०० च्या आसपास. सातशे रुपयांचा फरक फक्त एका बटणाचा होता. हाच प्रश्न दुकानातील कार्डयंत्रावरही येतो, आणि तिथे कधीकधी विक्रेता आपल्याला न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो. त्यामुळे पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर डोंग लिहिले आहे याची खात्री करावी. प्रत्येक वेळी पैसे काढताना तिथल्या बहुतेक बँका वेगळे शुल्क घेतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एकदाच मोठी रक्कम काढणे परवडते. भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करण्यास मात्र विसरू नये, कारण तो मुळात बंद असतो.

डोंगांच्या शून्यांची सवय व्हायला दोन दिवस लागतात. शेवटची तीन शून्ये गाळून साडेतीनने गुणले की त्या वेळच्या दराने रुपयांतील किंमत किंचित चढी येई, आणि हिशेब चढा येणे बरेच. खरा घोटाळा रंगांचा होतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची अशा दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि सगळ्याच नोटांवर हो ची मिन्ह यांचेच चित्र असते. होई आनला संध्याकाळच्या अंधूक उजेडात बाबांनी उसाच्या रसासाठी वीस हजार समजून पाच लाखांची नोट दिली. रसवाल्या बाईंनी ती लगेच त्यांच्या हाती परत ठेवली आणि स्वतःच्या गल्ल्यातील वीस हजारांची नोट दाखवून फरक समजावला. साधारण १,६०० रुपयांचा प्रश्न होता. वीस हजारांच्या नोटेमागे होई आनचाच छत असलेला जपानी पूल आहे, हे त्यानंतर आमच्या लक्षात आले. त्या रात्री आईने आपल्या बटव्यात पाच लाखांच्या नोटांसाठी वेगळा कप्पा केला, आणि पुढे कुठेही गफलत झाली नाही.

उसाच्या रसाच्या त्या गाडीवर क्यूआर कोडही लावलेला होता, पण तो तिथल्या बँकखात्यांसाठी होता आणि आपल्या यूपीआयचा त्या वेळी उपयोग नव्हता. भूतान, नेपाळ किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांची परिस्थिती याहून सुखाची आहे. व्हिएतनामच्या बाजारांत आणि रस्त्यावरच्या खाद्यगृहांत मात्र आपल्याला रोख लागतेच.

उरलेले डोंग पुण्यात कोणी सहजासहजी घेत नाही, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत आम्ही रोखीनेच खर्च केला आणि कार्ड बाजूला ठेवले. खूण असलेली नोट धरून दोनशे डॉलर मात्र शिल्लक राहिले. परतल्यानंतर १८० दिवसांच्या आत शिल्लक चलन बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्यायचे असते, मात्र २,००० डॉलरपर्यंत रक्कम जवळ ठेवता येते. तरीही मी ते विकले. खरेदीच्या दराच्या तुलनेत डॉलरमागे तीन रुपये कमी मिळाले, म्हणजे सहाशे रुपयांचे नुकसान झाले. पुढच्या अशा सहलीला माणशी दोनशे, म्हणजे चौघांसाठी आठशेच डॉलर रोख नेणार आहे.