मेथाडोन लिहायला शिकताना: माझा अनुभव

व्यसनमुक्ती विभागात आले तेव्हा मॉर्फिन लिहायची मला सवय होती. मेथाडोन, म्हणजे हेरॉइनसारख्या व्यसनावर आणि तीव्र वेदनेवर दिलं जाणारं औषध, कधीच लिहिलं नव्हतं. प्रशिक्षण झालं होतं, मार्गदर्शक सूचना वाचून झाल्या होत्या, तरी सुरुवातीचे रुग्ण अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बघायचे, असा तिथे दंडक होता. तो सगळीकडे असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

मला शिकवणारे सर व्यसनाच्या आणि वेदनेच्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांना बरीच वर्षं मेथाडोन देत होते. रुग्णाशी मी बोलायचं, डोस मी ठरवायचा. सर शेजारी गप्प बसून ऐकायचे आणि मग विचारायचे, "आजचं ठीक आहे डॉक्टर, चौथ्या दिवशी काय होईल ते सांगा."

हे त्यांनी माझ्याकडून कागदावर करून घेतलं. रोज 30 मिलिग्रॅम, हाफ-लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 24 तास धरायची. पहिल्या डोसनंतर शरीरात 30. दुसऱ्या दिवशी उरलेले 15 आणि नवे 30, म्हणजे 45. तिसऱ्या दिवशी 52, चौथ्या दिवशी 56. डोस तोच, पण औषध जवळपास दुप्पट! शिवाय 24 तास हा हिशोबापुरता आकडा. कुणाची हाफ-लाइफ आठ-दहा तासांची निघते, तर कुणाची पन्नासच्या पुढे जाते, आणि चेहरा बघून ते कळत नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात ते यामुळेच. पहिल्या डोसला ठणठणीत दिसणारा माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी पेंगायला लागतो. म्हणून सुरुवात 30 किंवा त्याहून कमी, आणि वाढवण्याआधी काही दिवस थांबायचं. डोस दिल्यावर तीन-चार तासांनी, म्हणजे औषधाचा जोर सर्वांत जास्त असताना, रुग्णाला बघायचं.

वेदनेच्या रुग्णांत हाच गुण वेगळ्या तऱ्हेने अडचणीत आणतो. दुखणं चार ते आठ तास थांबतं, औषध मात्र त्यानंतरही शरीरात राहतं. रात्री पुन्हा कळ आली की माणूस आपणहून आणखी एक गोळी घेतो, आणि श्वास मंदावतो तो झोपेत. त्यामुळे घरच्यांना शेजारी बसवून सांगायचं: जास्तीची गोळी नाही, दारू नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. घोरणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं किंवा हलवूनही माणूस जागा होत नसेल तर नॅलोक्सोन (मेथाडोनसारख्या औषधांचा परिणाम उलटवणारं औषध) द्या आणि लगेच मदत बोलवा. नॅलोक्सोनचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, मेथाडोनचा नाही, म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. हे वाक्य सर दोनदा म्हणायला लावत.

मॉर्फिनवरून मेथाडोनवर आणण्याचा भाग मला सर्वांत अवघड गेला. इतर ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीच्या) औषधांसारखं एकच गुणोत्तर इथे चालत नाही. मॉर्फिनचा डोस जितका मोठा, तितकं त्या मानाने मेथाडोन कमी लागतं. दिवसाला 60 मिलिग्रॅम मॉर्फिनवरच्या रुग्णाला चारास एक (चार मिलिग्रॅम मॉर्फिनला एक मिलिग्रॅम मेथाडोन) हा हिशोब चालेल, पण 400 वरच्या रुग्णाला तोच लावला तर जीवावर बेतेल. कोष्टकातून आलेला आकडाही सर आणखी खाली आणायचे. ज्याने फारसं ओपिऑइड घेतलेलं नाही, त्याला 2.5 मिलिग्रॅम आठ किंवा बारा तासांनी, आणि पाच-सात दिवस वाढवायचं नाही.

इसीजी आणि इतर औषधांची यादी हे रोजचंच काम झालं. मेथाडोनमुळे इसीजीतला क्यूटीसी (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला विद्युत कालावधी, मिलिसेकंदांत) वाढू शकतो; तो 450 च्या वर गेला की कारण शोधायचं, 500 च्या वर असेल तर डोस कमी करायचा किंवा पर्याय बघायचा. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की मेथाडोन झपाट्याने उतरतं आणि रुग्णाला विथड्रॉवल (औषध कमी पडल्याचा त्रास) येतं. रिफाम्पिसिन थांबलं की वाढवून ठेवलेला डोस अंगावर येतो. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध उलट मेथाडोनची पातळी चढवतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हे सगळं शिकल्यावर डॉक्टर घाबरून 30-40 वरच अडकून राहतात. अशाच कमी डोसवरच्या एका रुग्णाला मी तपासत होते. सतत जांभया, नाक वाहतंय, हातावर काटा, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. "संध्याकाळ झाली की राहवत नाही हो," तो म्हणाला. सरांनी तिथेच सांगितलं की हा माणूस बाहेर जाऊन हेरॉइन घेणार, आणि तो धोका आपल्या डोसपेक्षा मोठा आहे. अनेकांना स्थिर व्हायला 60 ते 120 लागतात. सावकाश चढायचं, पण तिथपर्यंत पोचायचं. लघवीची तपासणीही पकडापकडीसाठी नसून डोस पुरतोय का हे कळण्यासाठी असते, हे मला पटलं तेही तिथेच.

पुढे शेजारी बसणं थांबलं आणि फोन सुरू झाले. आधी प्रत्येक डोससाठी, मग फक्त अडल्यावर. आता मला असे फोन येतात. परवा एका तरुण सहकारी डॉक्टरने विचारलं, "मॅडम, 90 मिलिग्रॅमवरचा रुग्ण चार दिवस डोस चुकवून आलाय, तेवढाच देऊ का?" मी विचारलं, मधल्या दिवसांत काय घेतलं, झोप येतेय का, दारू? तिने सगळं आधीच विचारून ठेवलं होतं. निम्म्यावर आणायचं, समोर बसवून द्यायचं, उद्या पुन्हा बघायचं, असं आमचं ठरलं.