एडिसन ते नायगारा: तीन राज्यं आणि थांबलेली पिवळी बस

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना नायगारा दाखवून आणला. न्यू जर्सीत राहणाऱ्यांकडे गावाहून कुणी आलं की ही फेरी ठरलेलीच असते. धबधब्याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडेल. मी लिहितेय ते वाटेत भेटणाऱ्या स्कूल बसबद्दल. त्याबद्दल निघण्याआधी आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सोमवारी सकाळी माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली.

शुक्रवारी सव्वासातला एडिसनहून निघालो. लिंकन हायवेवर, म्हणजे रूट २७ वर, पहिलीच बस समोरून आली. आधी पिवळे दिवे लुकलुकले, मग लाल लागले आणि बाजूची स्टॉपची पाटी उघडली. रस्ता चारपदरी, मध्ये फक्त रंगाचे पट्टे. दोन्ही बाजूंची सगळी वाहनं थांबली. बाबांना नवल वाटलं. ते म्हणाले, "बस तर पलीकडे आहे, आपण कशाला थांबलो?" न्यू जर्सीचा नियम मला पाठ होता. बसचे लाल दिवे लागलेले असताना मध्ये फक्त पट्टे असतील तर कितीही लेन असोत, दोन्हीकडच्यांनी बसपासून किमान २५ फूट लांब थांबायचं. मध्ये खरोखरचा दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी थांबायची गरज नाही, पण वेग ताशी १० मैलांवर आणायचा. बस थेट शाळेसमोर उभी असेल, तर तिथेही १० मैलांच्या वेगाने पुढे जाता येतं.

बस सगळीकडे एकाच रंगाची कशी, हेही बाबांनी विचारलं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी एक परिषद भरवली होती, तिथे हा पिवळा ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन वाचता येतात.

पुढे आय-८० या इंटरस्टेट महामार्गाने डेलावेअर वॉटर गॅप ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलो. इंटरस्टेटवर मुलांची चढउतार नसतेच, त्यामुळे तिथे या नियमाची आठवणही होत नाही. प्रश्न येतो तो गॅस (पेट्रोल) भरायला किंवा नाश्त्याला महामार्गावरून खाली उतरल्यावर. आम्ही स्क्रँटनच्या अलीकडे उतरलो, तर पलीकडच्या बाजूला बस उभी होती आणि मध्ये गवताचा रुंद पट्टा. मी सवयीने वेग अगदी कमी केला, तसा मागच्याने हॉर्न दिला. इथे काँक्रीटची भिंत किंवा गवताचा पट्टा अशी स्पष्ट विभागणी असेल, तर समोरच्या बाजूने थांबावं लागत नाही. विभागणी नसेल तर किमान १० फुटांवर थांबायचं. चौकात बस उभी असेल, तर आडव्या रस्त्यावरून येणाऱ्यांनीही थांबायचं. चुकलात तर २५० डॉलर दंड, लायसन्सवर ५ पॉइंट (चुकीचे गुण) आणि ६० दिवस लायसन्स निलंबित. नोकरीला गाडीनेच जाणाऱ्याने हे ६० दिवस नीट डोळ्यांसमोर आणावेत.

दुपारी न्यूयॉर्क राज्यात शिरून वॉटकिन्स ग्लेनची घळ पाहिली. आईच्या गुडघ्यांना सगळ्या पायऱ्या जमल्या नाहीत, पण जेवढं पाहिलं तेवढ्यावर ती खूश होती. शनिवार-रविवार धबधब्यात गेले.

सोमवारी सकाळी परत निघालो. आमचं हॉटेल नायगारा फॉल्स बुलेव्हार्डवर होतं. हॉटेलं तिथे स्वस्त मिळतात, त्यामुळे तुम्हीही तिथेच उतरण्याची शक्यता बरीच. दोन्हीकडे दोन-दोन लेन आणि मध्ये डावीकडे वळणाऱ्यांची एक लेन. गाडी मी चालवत होते. पलीकडच्या कडेला बस थांबली, लाल दिवे लागले. मध्ये ती रिकामी लेन होती आणि डोक्यात पेनसिल्व्हेनियातला हॉर्न. मी पाय ब्रेकवर नेलाच नाही. नवरा ओरडला, "अगं थांब, थांब!" शेजारच्या लेनमधला ट्रक थांबलेला मला तेव्हा दिसला. गाडी थांबली तेव्हा बस जेमतेम दोन गाड्यांच्या अंतरावर होती.

त्याच क्षणी वारा आला. बसमध्ये चढणाऱ्या एका मुलाच्या हातातला कागद उडून रस्त्यावर आला, आणि पोरगं त्याच्यामागे बसच्या पुढून धावत सुटलं. मधल्या लेनपर्यंत पोचलं तेव्हा त्याच्या आईने मागून दप्तर धरून ओढलं. तो माझ्या मुलीच्याच वयाचा असेल, सात-आठ वर्षांचा. माझे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. मागच्या सीटवर कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "आपल्याकडे व्हॅनवाले काका हात धरून रस्ता ओलांडून देतात. इथे सगळा रस्ताच थांबतो."

न्यूयॉर्कचा नियम तिन्हींत सर्वांत कडक आहे. लेन कितीही असोत, मध्ये दुभाजक असो वा नसो, बस पलीकडच्या बाजूला असली तरी थांबायचं. शाळेसमोर थांबायचं आणि शाळेच्या पार्किंगमध्येही. अंतर २० फूट धरा. लाल दिवे बंद होईपर्यंत किंवा बसचालकाने वा पोलिसाने खूण करेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला २५० ते ४०० डॉलर दंड आहे. २०१९ च्या कायद्याने बसच्या पाटीवर कॅमेरे लावायला परवानगी मिळाली आहे, त्यामुळे पोलीस नव्हता म्हणून सुटलो असं समजू नका. नोटीस गाडीच्या मालकाच्या नावाने येते. मित्राची गाडी नेली असेल तर ती त्याच्या घरी पोचेल.

तेव्हा निघण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम त्या राज्याच्या ड्रायव्हर मॅन्युअलमध्ये बघून घ्या, आणि सीमा ओलांडली की शेजारी बसलेल्याने तो मोठ्याने सांगावा. शिकागोच्या बाजूला जाणार असाल, तर ओहायो आणि इलिनॉयमध्ये चारपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना थांबावं लागत नाही, मग मध्ये नुसते पट्टे असले तरी. तिकडची सवय घेऊन न्यूयॉर्कला येणाऱ्यांनी जास्त जपावं. रेनबो ब्रिजवरून कॅनडात उतरलात, तर ऑन्टारियोमध्ये दुभाजक असेल तरच समोरच्यांना सूट आहे. पहिल्या चुकीला ४०० ते २,००० कॅनडियन डॉलर दंड. नियम आठवत नसेल तर थांबा, मागचा हॉर्न वाजवू दे. पिवळे दिवे दिसताच वेग वाढवून निसटायचा मोह होतो, तो तर अजिबात नको. आणि जमलं तर शाळेच्या दिवशी सकाळी नऊनंतरच हॉटेल सोडा. आम्ही साडेसातला निघालो होतो, ते रस्त्यावरची गर्दी चुकवायला.